यापनीय संघ : दोन मतांमधील तिसरी वाट

बेळगाव शहरात दोड्ड बस्ती नावाचे एक जैन मंदिर आहे. बेळगावास येणारा प्रवासी किल्ल्यातील कमल बस्ती पाहतो, तिच्या छतातील दगडी कमळाचे कौतुक करतो आणि परत जातो. दोड्ड बस्तीतील नेमिनाथ तीर्थंकरांच्या मूर्तीपुढे तो क्वचितच उभा राहतो. दिगंबर जैन श्रावक मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या मूर्तीची भक्तिभावाने पूजा करीत आले आहेत. या मूर्तीवर एक लेख आहे. पारिसय्य नावाच्या गृहस्थाने शके 935 मध्ये, म्हणजे इसवी सन 1013 मध्ये, बांधविलेल्या मंदिरातील ही मूर्ती असून ते मंदिर यापनीय संघाचे होते, असा त्याचा आशय आहे.

वरवर पाहता यात नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु यापनीय म्हणजे कोण, हे समजले की या लेखाचे मर्म ध्यानात येते. इंद्रनंदी नावाच्या दिगंबर आचार्यांनी आपल्या ‘नीतिसार’ या ग्रंथात पाच पंथांची नावे ‘जैनाभास’ म्हणून नोंदविली आहेत. जैनाभास म्हणजे जैनांसारखे दिसणारे, पण खरे जैन नव्हेत असे लोक. त्या पाचांत यापनीयांचे नाव आहे. ज्यांना खोटे ठरविले, त्यांचाच देव पुढे आपला म्हणून पूजिला गेला. हे कसे घडले, आणि जे घडले त्यात काय टिकले व काय हरवले, याचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम ‘पाखंड’ या शब्दाकडे पाहावे. रूढ मताहून निराळे मत धरणाऱ्यास आज आपण पाखंडी म्हणतो आणि त्या शब्दात ढोंगाचा वास असतो. मुळात तसे नव्हते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ याचा अर्थ केवळ ‘पंथ’ एवढाच आहे. बाराव्या शिलालेखात तर त्याने सर्व पाषंडांचा मान राखावा, स्वतःच्या पंथाची स्तुती व दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना वाणीस आवर घालावा, असा उपदेश केला आहे. युरोपातही असेच झाले. पाखंडाला तिकडे जो शब्द रूढ झाला, तो ‘हैरेसिस’ या ग्रीक शब्दापासून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘निवड’ असा होता. दोन दूरच्या प्रदेशांत दोन साधे शब्द होते. वादाच्या धुरात दोन्ही काळवंडले.

आता यापनीयांचा वाद कोणता होता ते पाहू. महावीरांच्या अनुयायांत दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन तट पडले. हे केव्हा पडले याविषयी दोघांच्या परंपरांत जेमतेम तीन वर्षांचा फरक आहे. दिगंबरांच्या गणनेप्रमाणे ते वर्ष इसवी सन 79 च्या सुमारास येते, श्वेतांबरांच्या गणनेप्रमाणे 82 च्या सुमारास. फूट कोणी पाडली, याविषयी मात्र दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. दिगंबरांचे म्हणणे असे की, सर्वसंगपरित्याग म्हणजे वस्त्राचाही त्याग. ज्याच्या अंगावर वस्त्र आहे त्याचा परिग्रह सुटलेला नाही, म्हणून त्याला मोक्ष नाही. स्त्रीला नग्न राहता येत नाही. म्हणून तिला त्याच जन्मी मोक्ष नाही, तिने पुढे पुरुषजन्म घेऊन तो मिळवावा. तसेच, ज्याला केवलज्ञान झाले तो अन्न घेत नाही, असेही ते मानतात. श्वेतांबरांनी तिन्ही गोष्टी नाकारल्या. वस्त्र मोक्षाच्या आड येत नाही, स्त्रीला मोक्ष मिळतो आणि देह आहे तोवर केवलज्ञानीही आहार घेतो, असे त्यांचे मत. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती, असे ते सांगतात.

यापनीय या दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांचे मुनी नग्न राहत, हाती मोरपिसांची पिच्छी धरीत, ओंजळीतच भिक्षा घेत व वस्त्रहीन मूर्तीची पूजा करीत. हे सारे दिगंबरांप्रमाणे होते. परंतु श्वेतांबरांचे आगमग्रंथ त्यांना मान्य होते, आणि स्त्रीला याच जन्मी मोक्ष आहे, केवलज्ञानी आहार घेतो, हेही ते मानीत. एवढ्यावर न थांबता गृहस्थाला आणि परधर्मात राहणाऱ्यालाही मुक्तीचे दार बंद नाही, असे ते म्हणत. आचार कठोराचा, विचार उदाराचा, अशी ही सांगड होती. दोन्ही बाजूंना ती रुचली नाही. श्रुतसागर नावाच्या टीकाकाराने तर त्यांना खेचराची उपमा दिली. खेचर जसे धड घोडा नव्हे आणि धड गाढव नव्हे, तसे हे दोन्हीकडचे मानणारे!

हा पंथ कसा निघाला याच्या कथा त्याच्या विरोधकांनीच लिहून ठेविल्या आहेत. देवसेनाच्या ‘दर्शनसार’ ग्रंथाप्रमाणे कल्याण नगरीत श्रीकलश नावाच्या श्वेतांबर साधूने तो काढला. रत्ननंदीची कथा अधिक रंगतदार आहे आणि ती घडते करहाटक नगरीत, म्हणजे आपल्या कऱ्हाडात. तेथील भूपाल राजाची राणी नृकुलादेवी हिने आपल्या माहेरच्या गुरूंना बोलावून घेण्याविषयी राजाला विनविले. राजा स्वागताला सामोरा गेला. पण साधूंच्या अंगावर वस्त्रे आणि हातात दंड व पात्र पाहून त्याचे मन विटले, व तो तसाच परतला. तेव्हा राणीने गुरूंकडे धाव घेतली आणि वस्त्रे टाकण्याची त्यांना प्रार्थना केली. त्यांनी वस्त्रे टाकली, पिच्छी घेतली. मते मात्र जुनीच ठेविली. यातून यापनीय निघाले, असे रत्ननंदी सांगतो. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. ती प्रतिपक्षाची थट्टा आहे. तरी तिच्यात एक गोष्ट अभावितपणे उमटली आहे. ज्या पंथाने स्त्रीला मोक्षाचा अधिकार दिला, त्याच्या जन्माचा दोषही विरोधकांनी एका स्त्रीच्याच माथी मारला.

कथांपेक्षा ताम्रपट अधिक विश्वासाचे, आणि या बाबतीत बेळगावचा प्रदेश श्रीमंत आहे. खानापूर तालुक्यातील हलशी हे गाव आज भूवराह नरसिंहाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. पाचव्या शतकात त्याचे नाव पलाशिका होते आणि तेथे कदंब राजांचे ठाणे होते. हे राजे वैदिक धर्माचे अभिमानी होते. असे असूनही मृगेशवर्मा या कदंब राजाने आपल्या दिवंगत पित्याच्या पुण्यस्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधविले आणि 33 निवर्तने जमीन दान दिली. ती कोणाला दिली? यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तिघांना. येथे निर्ग्रंथ म्हणजे दिगंबर. ग्रंथांत जे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते एका ताम्रपटात एका ओळीत बसलेले आहेत. मृगेशवर्म्याचा पुत्र रविवर्मा याच्या ताम्रपटात तर पुढची व्यवस्थाही दिली आहे. दान दिलेल्या गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेस जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने यापनीय तपस्व्यांचा योगक्षेम चालावा, असे राजाने सांगितले आहे. खानापूरकडचा पाऊस ज्याने अनुभविला आहे, त्याला या चार महिन्यांच्या तरतुदीचा अर्थ सांगावयास नको.

पुढे सातशे वर्षांनी हाच पंथ निपाणीच्या आसमंतात भरभराटीस आलेला दिसतो. चिकोडी तालुक्यातील एकसंबा येथे नेमिनाथाची बस्ती आहे. शिलाहार राजा विजयादित्य याच्या कालण नावाच्या सेनापतीने ती बांधविली आणि यापनीय संघाच्या पुन्नागवृक्षमूल गणाचे आचार्य विजयकीर्ती यांच्या स्वाधीन केली. 1165 सालच्या तेथील लेखावरून असे दिसते की, शेजारचा रट्ट राजा कार्तवीर्य यानेही या बस्तीस दान दिले. एका राजाच्या सेनापतीने मंदिर बांधावे आणि दुसऱ्या राजाने त्याला दान द्यावे, एवढी या पंथाची प्रतिष्ठा होती.

त्याच गणाचे नाव कागलजवळील होन्नूरच्या लेखातही येते. बाराव्या शतकाच्या आरंभी, शिलाहार बल्लाळ व गंडरादित्य यांच्या अमदानीत, बम्मगावुंड नावाच्या गृहस्थाने तेथे बस्ती बांधविली. हा गृहस्थ रात्रिमती-कंति नावाच्या साध्वीचा शिष्य होता. गावचा एक प्रमुख पुरुष एका स्त्रीला गुरू मानतो आणि ते दगडावर कोरून ठेवतो! लेखात गणाचे नाव यापनीयांचे असले, तरी संघ म्हणून दिगंबरांच्या मूलसंघाचा उल्लेख आहे. म्हणजे एकसंब्याचा यापनीय लेख कोरला जाण्याच्या आधीच या गणाची एक शाखा दिगंबर संघात मिळालेली होती.

यापनीयांच्या स्त्रीविषयक मताला केवळ दयाबुद्धीचा आधार नव्हता, तर्काचाही होता. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळी शाकटायन, अर्थात पाल्यकीर्ती, हा थोर वैयाकरण होऊन गेला. त्याने आपल्या व्याकरणावरील वृत्तीस राजाच्या नावावरून ‘अमोघवृत्ती’ असे नाव दिले. मलयगिरी या श्वेतांबर टीकाकाराने त्याला यापनीय यतींचा अग्रणी म्हटले आहे. या शाकटायनाने ‘स्त्रीनिर्वाण’ नावाचे एक छोटे प्रकरण रचले. त्यातील युक्तिवाद आजही वाचनीय आहे. तो म्हणतो, मोक्षाचे कारण सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य ही तीन रत्ने होत. स्त्रीच्या ठायी ती असू शकत नाहीत, याला पुरावा काय? वस्त्राविषयी म्हणाल, तर साध्वीने वस्त्र वापरावे ही जिनांचीच आज्ञा आहे. मुनीच्या हातातील पिच्छी जर परिग्रह होत नाही, तर आज्ञेने धारण केलेले वस्त्र परिग्रह कसे होईल?

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मोठा विलक्षण होता. स्त्री सातव्या नरकात जाण्याइतके घोर पाप करू शकत नाही, म्हणून मोक्षाइतकी उंचीही ती गाठू शकत नाही, असे ते म्हणत. शाकटायनाने याला प्राण्यांचे उदाहरण देऊन उत्तर दिले. साप, पक्षी, चतुष्पाद हे प्राणी निरनिराळ्या खोलीच्या नरकापर्यंत पडतात असे शास्त्र सांगते. पण वर चढताना ते सारे एकाच स्वर्गापर्यंत पोहोचतात असेही तेच शास्त्र सांगते. मग खाली पडण्याच्या मापाने वर चढण्याचे माप कसे ठरवावे? दुसरा आक्षेप असा की, मुनी साध्वीला वंदन करीत नाहीत, म्हणून ती हीन होय. त्यावर तो विचारतो, तीर्थंकर आपल्या गणधरांना तरी कोठे वंदन करतात? म्हणून गणधरांना मोक्ष नाही असे कोणी म्हणते काय?

ब्राह्मी, सुंदरी, राजीमती, चंदना या तपस्विनींची नावेही तो पुढे ठेवतो. त्यांतील राजीमती ही नेमिनाथांची वाग्दत्त वधू. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथ बोहल्यापर्यंत न जाताच परतले आणि गिरनारवर तपास गेले. राजीमतीनेही संसाराचा त्याग करून दीक्षा घेतली. बेळगाव आणि एकसंबा या दोन्ही ठिकाणच्या यापनीय बस्त्यांत देव नेमिनाथ आहेत. त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या त्या काळच्या स्त्रीला तिचे गुरू सांगत असतील की, नेमिनाथांच्या मार्गाने राजीमतीही शेवटपर्यंत जाऊ शकली, आणि तूही जाऊ शकशील. एका तत्त्वचर्चेचा निकाल त्या स्त्रीच्या दृष्टीने केवढा मोठा होता!

मग हा पंथ गेला कोठे? त्याचा जवळजवळ अखेरचा लेख बेळगाव जिल्ह्यातीलच कागवाडचा आहे. तेथील जैन मंदिराच्या भुयारात 1394 सालचा लेख असून त्यात नेमिचंद्र, धर्मकीर्ती व नागचंद्र या यापनीय गुरूंची नावे आहेत. त्यानंतर हा पंथ दिसेनासा होतो. तो कोणी तलवारीने संपविला असे आढळत नाही. या भूमीत धर्मकलह झालेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. एकांतद रामय्य या शिवभक्ताने जैन मूर्तींचा भंग केल्याची हकीकत अब्लूरच्या शिलालेखात नोंदलेली आहे. शैव मतांच्या उदयाने सर्वच जैनांचा राजाश्रय ओसरला. संख्या घटली की लहान पंथाला वेगळी चूल परवडत नाही. यापनीय मुनी दिसण्यात दिगंबर, त्यांच्या मूर्ती दिगंबर. सामान्य श्रावकाला दोघांत भेद करण्याचे कारणच उरले नाही. होन्नूरला बाराव्या शतकात जे दिसते, तेच हळूहळू सर्वत्र झाले असावे.

इतर देशांतील पाखंड्यांच्या नशिबी असे शांत विसर्जन क्वचितच आले. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात इसवी सन 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने एरियस या धर्मगुरूचे मत त्याज्य ठरविले. पुत्र हा पित्यासारखा अनादी नाही, असे तो म्हणत असे. सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला हद्दपार केले आणि त्याचे ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली. आज एरियसचे विचार समजून घ्यावयाचे, तर ते बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या लिखाणातून वेचावे लागतात. मध्ययुगात तर पाखंड्यांना जिवंत जाळण्यापर्यंत मजल गेली. बेळगावहून घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले, ते मधला थोडा खंड सोडता 1812 पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरी तुळस आहे काय, ते धोतर नेसतात काय, याचीही त्याने चौकशी केली. सत्याच्या रक्षणासाठी म्हणून आपल्या लोकांनी जी बळजबरी केली, तिच्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2000 साली जाहीरपणे देवाजवळ क्षमा मागितली. ती कबुली येण्यास कित्येक शतके जावी लागली.

तुलनेने यापनीयांची गोष्ट सौम्य आहे, आणि या प्रदेशाला तिचा अभिमान वाटल्यास गैर नाही. त्यांची निंदा झाली, पण त्यांचे ग्रंथ जाळले गेले नाहीत. किंबहुना ते दोन्ही प्रतिपक्षांनी सांभाळले. शिवार्यांची ‘भगवती आराधना’ हा यापनीय परंपरेतील ग्रंथ असल्याचे संशोधकांचे मत आहे. तो दिगंबरांनी आदराने जपला. शाकटायनाचे ‘स्त्रीनिर्वाण’ श्वेतांबरांच्या ग्रंथभांडारांत सुरक्षित राहिले, कारण स्त्रीमुक्तीच्या वादात ते त्यांच्या उपयोगी पडले. मुनी जंबूविजयांनी त्याचे चिकित्सक संपादन करून ते 1974 साली प्रसिद्ध केले आणि पुढे पद्मनाभ जैनी यांच्या 1991 सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे ते जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाले. वारस नसलेल्या घराची भांडी दोन शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी आणि दोघांनीही ती जपून वापरावी, तसे हे झाले.

परंतु येथेच दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भांडी राहिली, घराचे नाव पुसले गेले. मूर्ती स्वीकारली गेली. पण तिच्यापुढे उभ्या असलेल्या स्त्रीला जे आश्वासन दिले जात असे, ते त्या गाभाऱ्यातून नाहीसे झाले. अग्नीने मत नष्ट होते, तसे विस्मरणानेही होते. अग्नीची निदान राख उरते आणि ती पुढील पिढ्यांना टोचते. विस्मरणाची राखही उरत नाही. यापनीय हा शब्दच सर्वसामान्य जैन माणसाला अनोळखी झाला होता, इतके हे विस्मरण पुरे होते.

त्या शब्दाला पुन्हा उजेडात आणण्याचे मोठे श्रेय याच मातीतील एका विद्वानाला आहे. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म 1906 साली सदलगा येथे झाला. सदलगा हे चिकोडी तालुक्यातील गाव एकसंब्याच्या शेजारचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते अर्धमागधीचे प्राध्यापक होते. त्यांनी 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात यापनीय संघावर लेख लिहिला आणि आयुष्याच्या अखेरीस, सुमारे चाळीस वर्षांनी, पुन्हा त्याच विषयावर नवा प्रकाश टाकला. नाथूराम प्रेमी यांनी हिंदीत आणि पां. भी. देसाई यांनी शिलालेखांच्या अभ्यासाने या कामास जोड दिली. उपाध्ये स्वतः दिगंबर परंपरेत जन्मलेले. आपल्या परंपरेने ज्यांना जैनाभास म्हटले, त्यांची बाजू त्यांनी पुराव्यानिशी आणि कसलाही अभिनिवेश न बाळगता मांडली. अशोकाने ज्या वाणीच्या संयमाची अपेक्षा केली होती, तिचे हे अर्वाचीन उदाहरण होय.

बेळगाव-निपाणीच्या भागातील माणसाला दोन्हीकडचे असणे म्हणजे काय, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. दोन भाषा, दोन राज्यांच्या आठवणी आणि अनेक धर्म त्याच्या एकाच गल्लीत नांदतात. आणि तू नक्की कोणाचा, असा प्रश्न त्याला वारंवार ऐकावा लागतो. याच भूमीत एका पंथाने जवळजवळ नऊशे वर्षे या प्रश्नाला उत्तर दिले की, सत्य जेथे सापडेल तेथून ते घ्यावे, मग लोक खेचर म्हणोत. दोड्ड बस्तीतील नेमिनाथांच्या मूर्तीवरील लेख त्या उत्तराची साक्ष देत आहे. पूजा करणाऱ्याने पूजा करावी. ज्याला अक्षरे वाचता येतात त्याने ती वाचावी आणि इतरांना सांगावी.